टाचणवहीच्या पुढे

शिक्षकांनी आपल्या व्यवसायाविषयी वाचावे-लिहावे, ही रीत मराठीत मोबाईलच्या फार आधीची आहे. एकोणिसाव्या शतकात ‘शालापत्रक’ हे मासिक शिक्षकांसाठी निघत असे. १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू करण्याआधीच विष्णुशास्त्री चिपळूणकर त्याचे संपादन करू लागले होते. आता मोबाईलमुळे संपादकाच्या होकाराची वाट न पाहता कोणत्याही शाळेतील शिक्षक लिहू शकतो.

भद्रावतीच्या परिसरात अशा लेखनाचे मोल अधिक. विजासनच्या लेण्यांच्या या गावाभोवती कोळशाच्या खाणी आहेत, आयुध निर्माणी आहे, पलीकडे ताडोबाचे जंगल. येथे झाडीबोली बोलणारे मूल आणि हिंदी बोलणारे मूल एकाच बाकावर बसू शकते. गडचिरोलीत भामरागडकडे गेले, तर पहिलीतल्या कितीतरी मुलांची घरची भाषा माडिया असते. अशा वर्गात वाचन कसे सुरू करावे, याचे सगळे उत्तर पुण्याहून येणाऱ्या प्रशिक्षणात मिळणे कठीण. ते इथल्या गुरुजींना आणि बाईंना रोज शोधावे लागते. आणि लिहून ठेवले नाही, तर बदलीबरोबर तेही निघून जाते.

साधने हाताशी आहेत. २०१७ मध्ये ‘दीक्षा’ हे सरकारी डिजिटल शैक्षणिक व्यासपीठ आले. त्यावरचे पाठ रेंज असेल तेव्हा उतरवून घेता येतात आणि नंतर इंटरनेटशिवाय पाहता येतात. २०२० मध्ये ‘निष्ठा’ हे शिक्षकांचे प्रशिक्षण ऑनलाइन झाले, आणि त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली. पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड देणारे परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तोही २०२० मध्येच.

तरीही लिहायला नवख्या शिक्षकांनी साधनांपासून सुरुवात करू नये. आधी आपली टाचणवही उघडा. ठरवलेला आणि प्रत्यक्ष झालेला पाठ जिथे वेगळे झाले, ती एकच जागा निवडा. मुले काय म्हणाली, तुम्ही काय बदलले, ते मोबाईलवर दहा-बारा ओळींत लिहा. मुलांची नावे आणि छायाचित्रे मात्र टाळा. त्या अडचणीला धरून मग ऑनलाइन पाठ शोधा, म्हणजे प्रमाणपत्रापलीकडचे काही हाती लागेल.

लिहिलेले केंद्राच्या शिक्षण परिषदेत वाचून दाखवा. ‘माझ्या वर्गात असे झाले नाही’ म्हणणारा सहकारी भेटला, तर पुढच्या लेखाचा विषय मिळाला असे समजा.