सिल्लाची राणी सोन्दोक

आजची गोष्ट लांबच्या कोरियातली, चौदाशे वर्षांपूर्वीची. तेव्हा आपल्याकडे बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं. कोरियात शेजारीशेजारी तीन राज्यं नांदत होती. उत्तरेला गोगुर्यो, नैर्ऋत्येला बेकजे आणि आग्नेयेला सिल्ला. कधी तह, कधी लढाई, असं शेकडो वर्षं चाललं.

सिल्लाच्या राजाला मुलगा नव्हता. ६३२ साली त्याची मुलगी सोन्दोक गादीवर बसली. तिच्याआधी तिथे बाईने कधी राज्य केलं नव्हतं.

६४२ मध्ये बेकजेने सिल्लाचे चाळीसेक किल्ले घेतले. राणीने चीनच्या सम्राटाकडे मदत मागितली. तो म्हणाला, तुमच्याकडे बाई राज्य करते म्हणून शेजारी जुमानत नाहीत. माझाच एक नातलग राजा म्हणून पाठवतो! अहो, किल्ले पुरुष राजांचेही जात होते. पण ते पुरुष आहेत म्हणून गेले, असं कुणी म्हटलं नाही.

राणी डगमगली नाही. राजधानीत, म्हणजे आजच्या ग्योंगजूत, तिने नऊ मजली लाकडी बौद्ध मनोरा उभारला. त्यासाठी आबिजी नावाचा कारागीर बोलावला, तो चक्क बेकजेचा! लढाई चालू असतानाही शत्रूच्या हातातलं कसब तिने ओळखलं. तो मनोरा पुढे १२३८ मध्ये मंगोलांनी जाळला. पण तिच्याच काळातली मानली जाणारी चोमसोंगदे ही दगडी वेधशाळा आजही उभी आहे.

६४७ मध्ये बिदाम या बड्या सरदाराने बंड केलं. कारण काय, तर बाईला राज्य नीट करता येत नाही! अशात राणीच्या छावणीजवळ तारा पडला आणि सैन्य घाबरलं. सेनापती किम यू-सिनने म्हणे पेटती बाहुली पतंगाला बांधून उडवली आणि तारा परत वर गेला, अशी आवई उठवली. बंड मोडलं. त्याच धामधुमीत राणी वारली. पण गादीवर आली तिची चुलतबहीण जिन्दोक, म्हणजे पुन्हा बाईच.

पुढे ६६० मध्ये बेकजे आणि ६६८ मध्ये गोगुर्यो पडलं. टिकलं ते सिल्ला. तरी ११४५ साली इतिहास लिहिणाऱ्या किम बू-सिकने शेरा मारला, बाई गादीवर असून राज्य बुडालं नाही हे नशीबच!

मैत्रिणींनो, गटाचा हिशेब चोख निघाला आणि कुणी म्हणालं, "नशीब तुमचं," तर ही राणी आठवा. आणि वही पुढे करा.