टेनिस न खेळणाऱ्यांचा टेनिस एल्बो

२००४ च्या पावसाळ्यात आपल्याकडे घरोघरी एक नवा शब्द शिरला, 'टेनिस एल्बो'. सचिन तेंडुलकरचं डावं कोपर दुखावलं होतं. "अरे, हा तर क्रिकेट खेळतो, मग टेनिस कुठून आलं?" हा प्रश्न तेव्हा आमच्या गोंदियाच्या पानठेल्यांवरही चघळला जात असे. प्रश्न अगदी रास्त होता. त्याचं उत्तर मात्र मला बऱ्याच वर्षांनी, निवृत्तीनंतरच्या रिकाम्या वाचनात सापडलं.

या दुखण्याचं पहिलं वर्णन सापडतं ते १८७३ सालचं. रुंगे नावाच्या जर्मन डॉक्टरने ते केलं, आणि त्याचा विषय होता लिहिणाऱ्यांच्या हाताचं दुखणं. मेजर विंगफिल्डने लॉन टेनिसच्या खेळाचं पेटंट घेतलं १८७४ मध्ये, आणि विम्बल्डनची पहिली स्पर्धा झाली १८७७ मध्ये. म्हणजे दुखणं आधीचं आणि खेळ नंतरचा! पण १८८२-८३ च्या सुमारास इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकांत 'लॉन टेनिस आर्म', 'लॉन टेनिस एल्बो' असे शब्द छापून आले आणि खेळाडूंचंच नाव कायमचं चिकटलं. लेखणी घासणारे कारकून मागे पडले. (आयुष्यभर फळ्यावर खडू घासलेल्या माझ्यासारख्याला याचं थोडं वाईट वाटणारच.)

कोपराच्या बाहेरच्या बाजूला हाडाचा एक उंचवटा असतो. मनगट मागे उचलणारे स्नायू तिथे कंडरेने बांधलेले असतात. तीच ती हालचाल दिवसभर, महिनोन् महिने केली की कंडरेचे तंतू झिजतात आणि झीज भरून यायला उसंत मिळत नाही. मग गडूही उचलवत नाही. हेच कोपराच्या आतल्या बाजूला झालं तर त्याला 'गोल्फर्स एल्बो' म्हणतात. तिथेही खेळाडूच! कामगाराचं नाव मिळालं ते एका निराळ्या दुखण्याला. खाणीत कोपरावर भार देऊन काम करणाऱ्यांचं कोपर सुजतं, त्याला इंग्लंडात 'मायनर्स बीट एल्बो' म्हणत, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच त्याची भरपाईपात्र रोगांच्या यादीत नोंद झाली. नाव पडलं म्हणून पैसा मिळाला.

सचिनच्या कोपराची कथा तर आपल्या दारातच घडली. बेंगळुरू आणि चेन्नईच्या कसोट्या हुकल्यावर तो परतला तो ऑक्टोबर २००४ मध्ये नागपूरला, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. दोन्ही डावांत एकेरी धावांत बाद झाला आणि सामना आपण ३४२ धावांनी हरलो. मे २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर कित्येक आठवडे बॅट धरायची सोय नव्हती. २५ ऑक्टोबर २००५ ला तो पुन्हा मैदानात उतरला, तेही नागपूरलाच, श्रीलंकेविरुद्ध, आणि ९३ धावा काढल्या. डिसेंबरमध्ये दिल्लीला पस्तिसावं कसोटी शतक ठोकून त्याने गावसकरांचा विक्रम मागे टाकला.

असो. आमच्या गल्लीत एक काकू आहेत, तीस-पस्तीस वर्षं बिड्या वळतात. तेंदूपान भिजवायचं, पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा, तोंड दुमडायचं. एकेका बिडीला किती वेळा मनगट फिरतं, ते मी एकदा शेजारी बसून मोजायला लागलो आणि सोडून दिलं. मागच्या हिवाळ्यात त्या म्हणाल्या, "गुरुजी, लुगडा पिरता येत नाही जी." कपडा पिळताना कोपराच्या बाहेरून कळ येणं, ही या दुखण्याची अगदी पुस्तकी खूण. आमच्याकडे त्याला 'हात भरून आला' एवढंच म्हणतात. रोवणीच्या दिवसांतही तेच, धान झोडतानाही तेच.

उपचारांची समजही बदलत गेली. आधी ही सूज मानत. १९७९ मध्ये निर्शल आणि पेट्रोन या अमेरिकी डॉक्टरांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या कंडरा तपासल्या, तेव्हा सूज नव्हे, झीज दिसली. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने महिनाभर बरं वाटतं, पण वर्षभराने पाहिलं तर ते न घेतलेलेच अधिक बरे असतात, असं २००० नंतरच्या चाचण्यांत आढळलं. बहुतेकांचं दुखणं साधारण वर्षभरात आपोआप ओसरतं. मात्र भार कमी करावा लागतो, आणि हाताला पूर्ण विश्रांती देण्याऐवजी हलकं वजन घेऊन मनगट सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम करावा लागतो. मुंग्या येत असतील किंवा बोटांतली ताकद जात असेल, तर मात्र डॉक्टरकडे जायला उशीर करू नये.

हे सगळं मी काकूंना सांगितलं. अर्धा लिटरची पाण्याची बाटली घेऊन व्यायाम करूनही दाखवला. तो त्यांना पटला. भार कमी करण्याचं काढलं तेव्हा मात्र हसल्या. बिडी कामगारांसाठी २०२५ पर्यंत १९६६ चा कायदा होता, त्यात रजाही होती. पण घरी बसून वळणाऱ्या बाईची मजुरी मोजतात ती दर हजार बिड्यांवर.

"हात थांबवला तं हजार कोन पुरे करल जी?" असं म्हणून त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं.