सीमावाद आणि ऑनलाइन नकाशे

वादग्रस्त सीमा ऑनलाइन नकाशासेवा बहुधा पाहणाऱ्याच्या देशानुसार निरनिराळ्या दाखवतात. गूगल मॅप्सवर जम्मू-काश्मीर भारतातून पाहिल्यास संपूर्णपणे भारताच्या सीमेत दिसते, तर इतरत्र तेथे तुटक रेषा, म्हणजे सीमा अनिर्णित असल्याची खूण, आढळते. यामागे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांशी विसंगत नकाशा प्रसिद्ध करणे दंडनीय ठरवणारा भारतीय कायदा आहे. ही तडजोड कंपन्यांना सोयीची असली, तरी शेजारी देशांतील वाचकांना एकाच भूमीची परस्परविरोधी चित्रे खरी वाटू लागतात, हा तिचा गंभीर दोष होय. नकाशातील चूकही निरुपद्रवी नसते: २०१० मध्ये निकाराग्वा आणि कोस्टा रिका यांच्या सीमेवरील सान हुआन नदीच्या मुखाजवळील वादग्रस्त भूमीवर निकाराग्वाचे सैनिक उतरले, तेव्हा तेथील नदीतला गाळ काढण्याच्या निकाराग्वाच्या मोहिमेचे प्रमुख एदेन पास्तोरा यांनी गूगलच्या नकाशाचा हवाला दिला; गूगलने चूक मान्य केली आणि २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ती भूमी कोस्टा रिकाची ठरवली.