एका दिवसाची शपथ

दारू सोडण्याचा इतिहास लिहायला बसलो, आणि टेबलाखाली मोती माझी चप्पल चावू लागला. तीन महिन्यांचे पिल्लू ते, त्याला इतिहासाचे काय! पण या इतिहासाच्या शेवटी त्याचाही संबंध येतो, म्हणून हाकलले नाही.

आपल्याकडे हा विषय निघाला की गडकरी आठवतात. त्यांचे 'एकच प्याला' त्यांच्या निधनानंतर, १९१९ साली रंगभूमीवर आले. त्यातला सुधाकर एकदा दारू सोडतो, हे आपण विसरतो. पण काम मागायला जातो तेव्हा त्याचा पाणउतारा होतो, आणि तो पुन्हा पेल्याकडे वळतो. सोडल्यानंतरचे एकाकीपण गडकऱ्यांनी नेमके ओळखले होते.

पुढे सरकारने हात घातला. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, त्याबरोबर आमचे गडहिंग्लजही. त्याच वर्षी मुंबईचा दारूबंदी कायदा झाला. कायद्याने दुकान बंद होते. तिन्हीसांजेला उठणारी तलफ बंद होत नाही.

त्या तलफेवरचा उपाय १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन गावी दोन मद्यपींनीच शोधला. एक शेअरबाजारातला, दुसरा शस्त्रवैद्य. त्यांच्या भेटीतून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' उभी राहिली. जन्माची शपथ नको, आजचा दिवस पुरे, ही तिची शिकवण १९५७ साली मुंबईत पोहोचली. १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे त्यांच्या पाठीशी होते.

याहून जुनी एक गोष्ट इंग्लंडातील यॉर्कची. तेथे १७९६ साली विल्यम ट्यूकने मनोरुग्णांसाठी आश्रम उघडला. त्याच्या अंगणात ससे, कोंबड्या पाळलेल्या असत. मुक्या जिवांच्या सहवासाने रुग्णांच्या मनातली माया जागी व्हावी, म्हणून.

हे वाचले होते. पटले मात्र परवा. मला दारू सोडून अकरा महिने झाले. सोडली ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, कारण रोज पिणाऱ्याने एकाएकी थांबवली तर झटके येऊ शकतात. गेल्या महिन्यात पत्नीने मोतीला आणले. सुरुवातीला रात्रभर कुईकुई. झोपमोड झाली की तलफ बळावते, हे तिला कुठे ठाऊक! एका संध्याकाळी मी सदरा चढवला, पायांत चप्पल सरकवली. दाराशी मोती ओल्या गोणपाटावर कुडकुडत होता. त्याला पुसले, कोरडे पोते घातले, मांडीवर घेतले. तो झोपेपर्यंत अर्धा तास गेला, आणि तेवढ्यात तलफही ओसरली.

कुत्र्याने दारू सोडवली असे मी म्हणणार नाही. त्या अर्ध्या तासापुरते त्याने मला घरी ठेवले, एवढेच.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री जुन्या मित्रांचे बोलावणे आहे. फटाके वाजू लागले की मोती कॉटखाली दडेल. त्याच्याजवळ कुणीतरी बसायला हवे. मी बसणार आहे.