शँडनच्या पायथ्याची लोण्याची पेठ

आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील कॉर्क या शहरी जाणाऱ्या प्रवाशाचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. शहरापासून पाच मैलांवर असलेल्या ब्लार्नीच्या पंधराव्या शतकातील गढीवर चढून तेथील तटात बसविलेल्या शिळेचे उताणे पडून चुंबन घ्यावे, कारण तसे करणाऱ्याच्या जिभेवर वाणी प्रसन्न होते अशी समजूत आहे. मग आगगाडीने कोव्ह बंदरी जाऊन १९१२ च्या एप्रिलमध्ये 'टायटॅनिक'ने आपले अखेरचे उतारू जेथून घेतले तो धक्का पाहावा. आणि परतल्यावर ली नदीच्या उत्तरेस, शँडनच्या टेकडीवरील सेंट अॅनच्या मनोऱ्यात शिरून स्वहस्ते दोर ओढून घंटा वाजवावी. १७२२ साली बांधावयास घेतलेल्या या देवळाच्या मनोऱ्याच्या दोन बाजू तांबड्या वालुकाश्माच्या व दोन पांढऱ्या चुनखडीच्या असून, १८४७ साली त्यावर बसविलेल्या घड्याळाच्या चार तबकड्या क्वचितच एकमताने वेळ सांगतात, म्हणून गावकरी त्याला चार तोंडांचा लबाड म्हणतात. प्रवासी हसतो, छायाचित्र घेतो आणि टेकडी उतरतो. उतरताना वाटेत जी दगडी खांबांची कमान दिसते आणि तिच्याशेजारी जी एक वाटोळी इमारत आहे, तिच्याकडे त्याचे लक्ष बहुधा जात नाही. ज्या व्यापारावर हे शहर दीडशे वर्षे पोसले, त्याच्या कचेरीची ती कमान होती. हा व्यापार लोण्याचा.

लोणी म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे ताकावर नुकताच तरंगू लागलेला पांढराशुभ्र गोळा येतो. कॉर्कचे लोणी त्या जातीचे नव्हते. ते पिवळे, घट्ट आणि मिठाने असे खारवलेले असे की लाकडी पिंपात कोंबून ते विषुववृत्ताकडे धाडले तरी महिनोन्‌महिने टिकावे. नैर्ऋत्येकडील मन्स्टर प्रांतात पाऊस अमाप व गवत भरपूर. आणि कॉर्कचे बंदर इतके विस्तीर्ण व निर्वात की अटलांटिक ओलांडू पाहणारे इंग्रजी तांडे तेथे गोळा होत आणि शिधासामग्री भरून पुढे निघत. त्या सामग्रीत खारवलेले गोमांस होते आणि लोणीही होते, व त्यातले बरेचसे वेस्ट इंडीजच्या उसाच्या मळ्यांकडे जाई, जेथे गुलामांच्या घामावर साखर पिकत होती. कॉर्कच्या सधनतेची ही बाजू शहराच्या गौरवगाथेत फारशी येत नाही, पण ती वगळून हिशेब पुरा होत नाही.

आता अडचण पाहा. केरीच्या डोंगरातील एखादी कुणबीण आपल्या चार-दोन गाईंचे लोणी घुसळून ते पिंपात दाबते, आणि ते खाणारा जमेकात बसलेला. विकणारीने गिऱ्हाईक पाहिलेले नाही, गिऱ्हाइकाने माल चाखलेला नाही, आणि पिंपाच्या तळाशी दगड आहे की दही आहे हे झाकण उघडेपर्यंत कोणाला कळावयाचे नाही. अशा व्यवहारात विकला जाणारा खरा जिन्नस लोणी नसून शब्द असतो. आणि हा शब्द पाळला जावा म्हणून कॉर्कच्या व्यापाऱ्यांनी १७६९-७० च्या सुमारास आपले एक मंडळ स्थापून शँडनच्या पायथ्याशी पेठ उभारली व तिचा सक्त दस्तूर ठरवून दिला.

तो दस्तूर बारकाईने पाहण्यासारखा आहे. शेतकऱ्याने आणलेले फर्किन, म्हणजे सुमारे छपन्न पौंड लोणी मावेल असे लहान पिंप, प्रथम पेठेत दाखल होई. मग तपासनीस पोकळ लोखंडी सळई थेट तळापर्यंत खुपसून नमुना काढी, तो हुंगी, चाखी, रंग व पोत पाही आणि पिंपावर पहिली, दुसरी, तिसरी अशी प्रत कोरून टाकी. कोणत्या तपासनिसापुढे कोणाचा माल यावा हे चिठ्ठ्या टाकून ठरे, जेणेकरून वशिल्याला वाव राहू नये, आणि हाताखालचे पिंप कोणाचे आहे हे त्याला कळू नये अशीही योजना होती. त्यानंतर खारे पाणी काढून वजन होई आणि पिंप धुऊन रवाना होई. एकदा कोरलेल्या प्रतीवर लिस्बनचा व किंगस्टनचा व्यापारी झाकण न उघडता पैसे मोजी. लोण्यासंबंधीचे सरकारी कायदे १८२९ साली रद्द झाले, तेव्हा हे तपासनिसांचे खटले मोडीत निघेल असा तर्क कोणीही केला असता. पण व्यापाऱ्यांनी कोणाची सक्ती नसता, स्वतःच्या फायद्यासाठी, तो दस्तूर चालूच ठेवला. सचोटी ही केवळ सद्गुण नसून भांडवलही असते याची त्यांना पुरती जाण होती. आणि १८४७ नंतर तर हे सारे त्या लबाड घड्याळाच्या छायेत चालले होते, ही गंमत माझ्या तरी मनातून जात नाही.

माल पेठेत आणणाऱ्या वाटांनाही इतिहास आहे. पूर्वी घोड्याच्या पाठीवर लादून लोणी येई. पुढे १७४७ साली कॅसलआयलंडच्या जॉन मर्फी याने कॉर्कपासून मिलस्ट्रीटवरून किलार्नीकडे जाणाऱ्या सडकेचा मक्ता घेतला, आणि पथकराच्या नाक्यांनी अडविलेली ती सरळसोट सडक आजही लोण्याची वाट म्हणूनच ओळखली जाते. गाडीवान टोळ्या करून निघत आणि परतताना मीठ, लोखंड व गावात न मिळणारा किरकोळ माल घेऊन येत. शहरातील अडते शेतकऱ्यांना आगाऊ उचल देत आणि ती पुढच्या हंगामाच्या लोण्यातून फेडून घेत. म्हणजे घरची गाय दुधासाठी कमी व जमीनदाराच्या खंडासाठी अधिक राबत होती. म्हणूनच १८४५ पासून बटाटे सडून माणसे रस्त्यांवर मरू लागली तेव्हाही लोण्याची पिंपे बंदरातून जातच राहिली. ज्याच्या अंगणात लोणी घुसळले जात होते त्याला ते खाण्याची ऐपत नव्हती, कारण ते घुसळले जाण्यापूर्वीच खंडात वळते झालेले असे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पेठ ऐन भरात आली. सर जॉन बेन्सन या वास्तुशिल्पकाराने १८४९ साली कचेरीला स्तंभांची दर्शनी कमान जोडली, १८५५ साली फर्किने तोलण्यासाठी वाटोळी इमारत उभी केली, आणि पुढील दोन दशकांत वर्षाकाठी चार लाखांवर पिंपे या पेठेतून जाऊ लागली. परंतु भरभराटीतच पडझडीचे बीज होते, आणि ते नियमातच दडले होते. पेठेचा सारा दस्तूर लांबच्या, उष्ण प्रवासासाठी घडलेला. आता गिऱ्हाईक होते मँचेस्टर आणि लंडन येथील कामगारांच्या वस्तीतले, आगगाडी व आगबोट यांमुळे ते एक-दोन दिवसांच्या अंतरावर आलेले, आणि त्याला तिखटजाळ खारे लोणी नको, सौम्य, ताजे व दर आठवड्यास त्याच चवीचे हवे होते. ते डेन्मार्क व नॉर्मंडी येथून येऊ लागले. १८६९ साली निघालेले कृत्रिम लोणी गरिबांच्या पावावर बसले. आणि १८७८ साली द लाव्हाल या स्वीडिश अभियंत्याने चक्राने साय वेगळी काढणारे यंत्र तयार केल्यावर दहा घरांच्या दहा चवी मिटवून एका शाळेतल्या मुलांप्रमाणे सारखे लोणी काढणे शक्य झाले. केरीच्या कुणबिणीच्या हाताची चव ही जी तिची अब्रू, तीच आता दोष ठरली.

१८८९ साली लिमरिक परगण्यातील ड्रमकोलॉहर येथे हॉरेस प्लंकेट यांच्या प्रेरणेने पहिली सहकारी दुग्धशाळा निघाली. अशा दुग्धशाळा आपला माल इंग्लंडला परस्पर पाठवू लागल्या, त्यांच्या पेटीवर त्यांचाच शिक्का असे, आणि शँडनच्या तपासनिसाने कोरलेल्या अंकाची कोणाला गरज उरली नाही. पेठेने नियम सैल करण्याचा यत्न केला नाही असे नाही, पण शतकाहून अधिक काळाची शिस्त ज्यांनी अंगी बाणवली त्यांना ती सोडून द्या असे सांगणे सोपे नसते, आणि माझ्या मते ते व्यापारी निष्काळजी नव्हते, उलट ते अतिशय दक्ष होते. दक्ष होते ते एका जुन्या समुद्रासाठी. १९२४ साली पेठ बंद झाली. कचेरीची इमारत १९७६ साली आगीत होरपळली.

१९९७ पासून त्याच टेकडीवर लोण्याचे एक छोटेसे संग्रहालय आहे, आणि तेथे पाणथळ जमिनीतून निघालेले, सुमारे हजार वर्षांपूर्वीचे लोण्याचे लाकडी भांडे ठेवले आहे. घंटा वाजवून खाली उतरल्यावर वाचकांपैकी कोणी कॉर्कला गेलेच तर त्याने अर्धा तास तेथे द्यावा, आणि मग शेजारच्या वाटोळ्या इमारतीला एक फेरी मारावी. फर्किन क्रेन हे तिचे नाव अजून कायम आहे, पण पिंपे तोलण्याचे काम केव्हाच संपले. हल्ली तेथे नर्तक सराव करतात.