राजरत्नची आई



७ फेब्रुवारीला आपण रमाईंची जयंती करतो. फोटोला हार घालतो, त्यांचा त्याग सांगतो. बाबासाहेब परदेशात शिकत होते तेव्हा त्यांनी घर कसं चालवलं, हे आता शाळेतली पोरंही भाषणात सांगतात. पण त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट आपण एका वाक्यात उरकतो. 'त्यांची चार मुलं गेली,' असं म्हणतो आणि पुढे जातो. आज त्या वाक्यापाशी जरा थांबूया.

रमाई दापोलीजवळच्या वणंद गावच्या. आईवडील लवकर गेले. लग्न लहानपणीच झालं, तेही भायखळ्याच्या मासळी बाजारात, कारण दुसरी जागा नव्हती. पुढे परळला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत संसार. थोरला यशवंत १९१२ सालचा. त्यानंतर गंगाधर, रमेश, इंदू ही मुलगी आणि शेवटचा राजरत्न. पाचांपैकी एकटा यशवंत जगला.

१९१३ ते १९१७ बाबासाहेब अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये होते. १९२० ते १९२३ पुन्हा लंडनला. मागे चाळीत रमाई, सासरची माणसं आणि पैशाची ओढाताण. रमाईंनी शेण गोळा करून गोवऱ्या थापल्या, असं जुनी माणसं सांगतात. एका लेकराच्या वेळी नवं कापड आणायला पैसे नव्हते, म्हणून आईच्या लुगड्याचा तुकडा फाडून त्याला गुंडाळलं, ही आठवण आपल्याकडच्या बाया गाण्यातून सांगतात.

राजरत्नवर दोघांचाही फार जीव. जुलै १९२६ मध्ये तो न्यूमोनियाने गेला. पुढच्या महिन्यात बाबासाहेबांनी कोल्हापूरच्या दत्तोबा पवार या मित्राला पत्र लिहिलं. एवढा मोठा विद्वान, बॅरिस्टर माणूस, पण त्या पत्रात फक्त एक बाप आहे. या धक्क्यातून मी आणि माझी बायको सावरू असं वाटत नाही, चार लेकरं आम्ही मातीआड केली, आयुष्यात आता चव उरली नाही, अशा अर्थाचं ते लिहितात. बाप रडत नाही असं आपण म्हणतो ना? हे पत्र तसं म्हणणाऱ्यांना वाचून दाखवावं.

त्या पत्रानंतर सातच महिन्यांनी, २० मार्च १९२७ ला, महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. बाबासाहेब कामात उतरले. याचा अर्थ दुःख संपलं असा नाही. त्यांना निदान घराबाहेर काम होतं, माणसं होती. रमाई मात्र त्याच दोन खोल्यांत राहिल्या, जिथे राजरत्न रांगला होता. त्यांची तब्येत पुढे ढासळतच गेली. त्यांना पंढरपूरला विठ्ठलाच्या दर्शनाला जायचं होतं. पण तेव्हा अस्पृश्यांना देवळात जाता येत नव्हतं. बाहेर चोखोबांची समाधी आहे, तिच्यापुढे पाऊल टाकायचं नाही. एवढं सोसलेल्या आईला देवापुढे डोकं टेकायचीही मुभा नव्हती. पंढरपूरचं देऊळ सगळ्यांना उघडलं ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ साली. रमाई त्याच्या आधीच, २७ मे १९३५ ला गेल्या. तेव्हा त्या अवघ्या ३७ वर्षांच्या होत्या. पुढे बाबासाहेबांनी पाकिस्तानवरचं आपलं पुस्तक 'रामू'च्या स्मृतीला अर्पण केलं. हलाखीच्या दिवसांत तिने धीराने सोबत सोसलं, याची नोंद त्यांनी तिथे केली.

आता कुणी म्हणेल, तो काळच तसा होता. खरं आहे. त्या काळी आपल्या देशात पाच-सहा मुलांमागे एक मूल पहिला वाढदिवस बघत नसे. न्यूमोनियावर औषध नव्हतं. पेनिसिलिनचा शोधच १९२८ चा, आणि ते लोकांपर्यंत पोचायला १९४० नंतरची वर्षं उजाडली. तेव्हा रमाईंच्या हातात करण्यासारखं फार थोडं होतं. तरीसुद्धा दुःख कमी नव्हतं. सगळ्यांच्या घरी मुलं जातात म्हणून आईला आपलं मूल कमी दुखत नाही.

आज आपल्या हातात पुष्कळ आहे. न्यूमोनियाची लस २०२१ पासून सरकारी लसीकरणात आहे. दीड महिन्याला, साडेतीन महिन्यांना आणि नवव्या महिन्याला, फुकट. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट त्याचा श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचा ५० किंवा जास्त, पाच वर्षांच्या आतल्याचा ४० किंवा जास्त असेल, किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, तर घरी बिब्बा नको, चटके नकोत. लगेच दवाखाना.

पण सगळं करूनही कधी मूल जातं. मग आपण काय करतो? लहान मुलाला पुरतात, दहावं-तेरावं नसतं, म्हणून माणसंही फारशी जमत नाहीत. चौथ्या दिवशी आई रानात खुरपायला जाते. 'दुसरं होईल,' असं म्हणतो. कुणी तिच्या पायगुणावर बोट ठेवतं, कुणी बाळंतविड्याच्या कार्यक्रमाला तिला टाळतं. मैत्रिणींनो, रमाईंच्या फोटोला हार घालायचा आणि शेजारच्या आईला पांढऱ्या पायाची म्हणायचं, हे दोन्ही एकाच तोंडाने होणार नाही.

बचत गट म्हणून आपण साध्या गोष्टी करू शकतो. त्या महिन्याला तिच्या गैरहजेरीचा दंड लावायचा नाही. हप्ता पुढे ढकलायचा ठराव बैठकीत करायचा, म्हणजे तिला हात जोडावे लागणार नाहीत. दवाखान्याचं कर्ज झालं असेल तर अंतर्गत कर्जात तिचा नंबर आधी लावायचा. दोघी-दोघींनी पाळीपाळीने तिच्याकडे जाऊन बसायचं, भाकरी घेऊन. आणि तिच्या नवऱ्याशीही कुणीतरी बोलायचं, कारण तोही बाप आहे.

आणखी एक. त्या लेकराचं नाव घ्यायला घाबरू नका. नाव घेतलं की आईला आठवण येईल असं आपल्याला वाटतं. ती विसरलेलीच नसते. शंभर वर्षं होत आली तरी आपण राजरत्नचं नाव घेतो. तुमच्या गल्लीतल्या लेकराचंही घ्या.