कळ दाबल्यावर

2022 च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या राष्ट्रीय विज्ञान केंद्रात लशींवरचे फिरते प्रदर्शन उघडले. राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद आणि लंडनचे सायन्स म्युझियम यांनी मिळून ते उभारले होते. पुढे ते नागपूर-मुंबईकडेही आले. हात लावा, कळ दाबा, स्वतः करून पाहा, ही अशा प्रदर्शनांची रीत. तिचे एक मोठे मूळ जर्मनीत आहे.

ओडोल हे माउथवॉश विकून श्रीमंत झालेल्या कार्ल ऑगस्ट लिंगनर यांनी 1911 साली ड्रेस्डेनला आंतरराष्ट्रीय आरोग्य प्रदर्शन भरवले. पन्नास लाखांहून अधिक लोक आले. त्यातूनच तिथले आरोग्य संग्रहालय जन्मले आणि 1930 मध्ये तिथे ‘पारदर्शक मानव’ उभा राहिला. हात वर केलेला, पुरुषभर उंचीचा पुतळा. कातडी पारदर्शक प्लास्टिकची, आत सांगाडा. एकेक अवयव दिव्याने उजळायचा आणि पाहणाऱ्याला आपल्याच शरीराच्या आतले दिसायचे. पण काही वर्षांतच नाझींनी याच संग्रहालयाला वंशद्वेषाच्या प्रचाराला जुंपले. कळ दाबली की दिवा लागतो. सांगितलेले खरे आहे याची हमी तो दिवा देत नाही.

दुसरी शाखा म्युनिकची. ऑस्कर फॉन मिलर यांच्या डॉइचेस म्युझियममध्ये प्रेक्षक स्वतः यंत्रे चालवून पाहत. त्याने भारावलेले डॉ. बिधानचंद्र रॉय हे पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री होते, तसेच नामवंत डॉक्टरही. त्यांच्या आग्रहामुळे घनश्यामदास बिर्लांनी कलकत्त्यातली आपली वास्तू दिली आणि 1959 मध्ये तिथे संग्रहालय सुरू झाले. 1965 पासून त्याचे फिरते प्रदर्शन गाडीत बसून गावोगावच्या शाळांपर्यंत जाऊ लागले.

मला सर्वांत मोलाची वाटते ती सॅन फ्रान्सिस्कोची भर. 1969 मध्ये फ्रँक ओपनहायमर यांनी एक्सप्लोरेटोरियम उघडले आणि प्रयोगांपाशी समजावून सांगायला शाळकरी तरुण मुले उभी केली. लशीच्या बाबतीत तर अशा माणसावाचून चालतच नाही. 1897 च्या प्लेगात मुंबईत शास्त्रज्ञ हाफकिन यांनी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. इस्माइली पंथाचे प्रमुख तिसरे आगाखान यांनी अनुयायांसमोर दंड पुढे केला, तेव्हा लोकांची भीती मोडू लागली.

अशा प्रदर्शनातल्या पडद्यावर लस घेतलेल्यांची संख्या कमी करत गेले की गोवर कसा पसरतो ते दिसते. तो रोखायला शंभरातल्या सुमारे 95 जणांकडे प्रतिकारशक्ती लागते, हेही यंत्र छान दाखवते. पण बाळाला कडेवर घेतलेली आई विचारते, टोचल्यावर ताप का येतो? तिच्याशी बोलायला तिथे कुणीतरी हवेच. शरीराची संरक्षक फौज कामाला लागली म्हणून तो येतो, बहुधा दिवस-दोन दिवसांत उतरतो, आणि नाही उतरला तर बाळाला डॉक्टरांकडे न्यायचे, असे तिला कुणी शांतपणे सांगायला हवे.